शीर्षकगीतामागचं नाव

आपल्या घरात रोज वाजणारी चाल कुणी बांधली, हे आपण सहसा विचारत नाही. सिनेमातल्या गाण्याचा संगीतकार आपल्याला ठाऊक असतो. भावगीताचाही असतो. पण मालिका सुरू होताना जे मिनिटभराचं गाणं लागतं, ते तोंडपाठ असलेल्या माणसाला संगीतकाराचं नाव विचारा, तो गप्प होतो. मराठी घरांत अशा गप्प होण्याचं सर्वात ठळक कारण म्हणजे अशोक पत्की.

१९९९ साली अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाली आणि ‘आभाळमाया’ ही मालिका आली. पुढे २००३ मध्ये ‘वादळवाट’ आली. दोन्हींची शीर्षकगीतं मंगेश कुळकर्णींनी लिहिली, देवकी पंडित यांनी गायली आणि संगीत पत्कींचं होतं. त्या काळात आमच्या भाईंदर-मीरा रोडच्या इमारतींत जिना चढताना प्रत्येक मजल्यावर तेच गाणं ऐकू यायचं. एका दारामागे मराठी कुटुंब, दुसऱ्या दारामागे गुजराती, तिसऱ्या दारामागे नयानगरहून राहायला आलेलं एखादं उर्दू बोलणारं घर. शब्द सगळ्यांनाच कळत होते असं नाही. चाल मात्र सगळ्यांच्या ओठांवर होती.

हे कसं घडतं? त्याचं उत्तर पत्कींच्या कामाच्या वाटेत आहे. २५ ऑगस्ट १९४१ रोजी जन्मलेल्या या संगीतकाराने सुमन कल्याणपूर यांना पेटीची साथ केली, पं. जितेंद्र अभिषेकी यांच्याकडे साहाय्यक म्हणून काम केलं, भावगीतांना चाली दिल्या. आणि त्याबरोबरच जाहिरातींसाठी हजारो जिंगल्स केल्या. जिंगल म्हणजे दहा, वीस, फार तर तीस सेकंदांचा खेळ. तिथे आलापाला जागा नाही, दोन कडव्यांमधल्या वाद्यांच्या तुकड्याला जागा नाही. पहिल्या दोन-तीन सुरांतच ऐकणाऱ्याचा कान धरायचा, मालाचं नाव नेमक्या जागी, नेमक्या स्वरावर बसवायचं आणि थांबायचं. गंभीर संगीतकार या कामाकडे नाक मुरडतात. पण थोडक्यात पुरं सांगण्याची एवढी कडक तालीम दुसरीकडे मिळत नाही.

मी कवी असल्यामुळे मला हे गझलेच्या भाषेत चटकन कळतं. गझलेचा पहिला शेर, म्हणजे मतला, दोन ओळींत सगळं ठरवून टाकतो: वृत्त, काफिया, रदीफ, भावाचा रंगही. मतला फसला तर पुढचे शेर कितीही चांगले असोत, मैफल हातातून निसटते. शीर्षकगीत हा मालिकेचा मतला आहे. पुढचे शेकडो भाग कोणत्या सुरात बोलणार, ते त्याला मिनिट-दीड मिनिटात सांगायचं असतं. त्यातून आणखी एक अट. प्रेक्षक त्या वेळी पडद्यासमोर असतोच असं नाही. कुणी पोळ्या लाटत असतं, कुणी लोकलमधून उतरून नुकतंच पायातले बूट काढत असतं. गाण्याने त्यांना स्वयंपाकघरातून, दारातून हाक मारून आणायचं असतं. आणि तीच हाक वर्षानुवर्षं ऐकूनही कंटाळा येता कामा नये. म्हणून चाल सोपी हवी, पण तिच्यात एखादी जागा अशी हवी की ती गुणगुणताना माणूस प्रत्येक वेळी किंचित अडखळेल आणि पुन्हा गाऊन पाहील.

पत्कींच्या या कसबाची मोठी परीक्षा मालिकांच्या आधीच झाली होती. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ दाखवलं गेलं. शब्द पीयूष पांडे यांचे, संगीत-संयोजन लुई बँक्स यांचं, आणि चाल पत्कींची. एकच आशय चौदा भाषांतून फिरवायचा होता. प्रत्येक भाषेचा ठेका वेगळा, प्रत्येक प्रांताचं गाणं वेगळं. त्या सगळ्यांना त्यांचा पेहराव ठेवू द्यायचा आणि तरी धागा तुटू द्यायचा नाही. तो धागा भैरवीचा होता. आपल्याकडे मैफलीचा शेवट भैरवीने होतो, कारण तिच्यात सगळे सूर सामावतात, नाटकातली भैरवी असो की कीर्तनातली. पं. भीमसेन जोशींच्या आवाजात ती सुरू झाली आणि देशभर गेली. गाण्यात दिसलेले चेहरे आपल्याला आठवतात. चाल बांधणारा चेहरा त्यात नव्हता.

चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यांना मिळाला. ५४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, म्हणजे २००६च्या चित्रपटांसाठी, सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा मान राजेंद्र तालक यांच्या ‘अंतर्नाद’ला लाभला. हा चित्रपट कोकणी होता, हिंदी नव्हे. छोट्या भाषेतल्या चित्रपटाचं संगीतही देशात पहिलं ठरू शकतं, हे आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवावं असं आहे.

आता काळ बदलला आहे. मोबाइलवर मालिका पाहताना शीर्षकगीत वगळण्याचं बटण समोर येतं आणि अंगठा आपोआप तिकडे जातो. एका भागामागून दुसरा भाग पाहणाऱ्याला तेच गाणं पुन्हा नको असतं, हे खरंच. पण त्या बटणासरशी गाणं जातं आणि त्याखाली धावणारी नावंही जातात. आधीच ती डोळ्यांना न पेलणाऱ्या वेगाने धावत असत.

या बाबतीत आकाशवाणीची रीत मला शहाणी वाटते. गाणं लावण्याआधी निवेदक कवीचं, संगीतकाराचं आणि गायकाचं नाव सांगतो. या सवयीनेच आपल्या दोन-तीन पिढ्यांना संगीतकार ओळखायला शिकवलं. चाल ही हवेत आपोआप उगवत नाही. कुणीतरी पेटीसमोर बसून एकेक स्वर टाकून, उचलून, पुन्हा मांडून ती केलेली असते. मुलांना गाणं शिकवताना एवढं केलं तरी पुरे: गाण्याच्या आधी नाव सांगायचं, मग गायचं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)