उजव्या नळीची बाजू

एका फुप्फुसावर भूल चालवायच्या साधनांची वंशावळ वाचकांना पाठच असेल, म्हणून ती भरभर उरकतो. १९३१ मध्ये गेल आणि वॉटर्स यांनी एकेरी लांब नळी थेट ब्राँकसमध्ये सारली, पुढे मॅगिलने ब्लॉकर वापरला. १९४९ मध्ये कार्लेन्सची दुहेरी नळी आली, पण ती मुळात दोन फुप्फुसांची क्षमता वेगवेगळी मोजण्यासाठी होती. कॅरायनावर बसणारा तिचा आकडा स्वरयंत्रातून नेताना भल्याभल्यांना घाम फुटे. १९६२ मध्ये मँचेस्टरच्या रॉबर्टशॉने बिनआकड्याची, रुंद पोकळ्यांची नळी केली, तीही डावी आणि उजवी अशी दोन्ही. आमची पिढी त्या लाल रबरावर वाढली. धुतलेली नळी कफ फुगवून पाण्यात बुडवायची, बुडबुडे दिसले की बाद.

मग पीव्हीसी आलं, निळा कफ आला आणि नियम ठरला: डावी घाला, निश्चिंत राहा. कारण खरं आहे. डावा ब्राँकस सुमारे ५ सेंमी लांब, तर उजवीकडे वरच्या खंडाचं तोंड दीड-दोन सेंटिमीटरवरच उघडतं. क्वचित ते थेट श्वासनलिकेतूनच निघतं, तेव्हा उजवीचा हट्ट मीही धरत नाही. पण डावं फुप्फुस काढायचं असेल, किंवा डाव्या ब्राँकसच्या मुळाशीच गाठ असेल, तर? नळी नेमकी सर्जनच्या कात्रीखाली! ऐन स्टेपलर लावताना 'नळी मागे घ्या' असा पुकारा होतो आणि तासभर नीट बसलेलं सगळं हलतं.

उजव्या नळीच्या कफाला एक खिडकी असते. ती वरच्या खंडाच्या तोंडासमोर आणायची, एवढीच तिची अट. ब्राँकियल पोकळीतून स्कोप घालून खिडकीतून पाहा. पलीकडे तीन छोटी तोंडं एकत्र दिसली की वरचा खंड सापडला. दिसत नसतील तर नळी किंचित फिरवा, किंचित ओढा. घाई नको. नुसत्या कानावर मी विसंबत नाही. १९८६ च्या एका पाहणीत स्टेथोस्कोपने 'बरोबर' ठरलेल्या जवळपास निम्म्या दुहेरी नळ्या स्कोपखाली सरकलेल्या निघाल्या होत्या.

ब्लॉकरवाल्यांशी माझं जुनं भांडण आहे. आर्न्टचा असो की दोन पायांचा ईझी, अवघड स्वरयंत्रात, किंवा आधीच एकेरी नळी असलेल्या रुग्णात तो देवासारखा धावून येतो, हे मान्य. २००९ च्या टोरंटोच्या तुलनेत फुप्फुस दुहेरी नळी आणि ब्लॉकर दोन्हींनी सारखंच मिटलं. पण ब्लॉकर बसवायला जास्त वेळ लागला आणि ते सरकलेही जास्त. आपल्याकडे क्षयाने पोखरलेली, पू भरलेली फुप्फुसं टेबलावर येतात. तिथे ब्लॉकर निसटला की घाण थेट चांगल्या फुप्फुसात. त्याच्या बारीक पोकळीतून हवा निघेल, दाट पू कसला निघतोय! तिथे दुहेरीच हवी, आणि पू डावीकडे असेल तर उजवी.

परिषदांतून एक विद्वान गृहस्थ उजवीला संग्रहालयात ठेवा म्हणतात. टाळ्याही मिळतात. परिणाम असा की कित्येक ठिकाणी स्टोअरमध्ये उजवी मागवतच नाहीत, आणि छातीच्या भुलीचं प्रशिक्षण पुरं केलेली मुलं ती खिडकी प्रत्यक्ष न पाहताच बाहेर पडतात. मग एखाद्या सकाळी डाव्या स्लीव्हची केस लागते आणि शेजारच्या रुग्णालयात फोन जातो: तुमच्याकडे उजवी सदतीस आहे का?