मोरचूद आणि द्राक्षमळ्याची जमीन

बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांत ताक कळकतें, हें घरोघर ठाऊक आहे. परंतु तेंच तांबें मोरचुदाच्या रूपानें आपण दरसाल मळ्यांत ओततों, तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

ही चाल फ्रान्स देशांतली. बोर्दो प्रांतांतील मळेवाले, वाटसरूंनीं घड तोडूं नयेत म्हणून, रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. केवड्यानें मळे झडले असतां याच वेली हिरव्या राहिल्या, हें १८८२ सालीं मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानें हेरलें. १८८५ सालीं त्यानें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. तेंच आपलें बोर्डो मिश्रण.

तांबें पिकास वर्ज्य आहे, असें मात्र नव्हे. अत्यल्प प्रमाणांत तें हवेंच, हें १९३१ सालीं सिद्ध झालें. जनावरांसहि लोहापासून रक्त होण्यास तें लागतें; खेकड्याच्या रक्तांत तर लोहाच्या जागीं तांबेंच असतें, म्हणून तें निळसर दिसतें. प्रमाणाबाहेर झालें कीं तेंच बुरशीस मारतें, आणि पिकाच्या मुळांस व गांडुळांसहि सोडीत नाहीं.

शेंकडा एक प्रमाणाच्या मिश्रणास १०० लिटर पाणी, १ किलो मोरचूद व सुमारें तितकाच चुना लागतो. दोन्ही लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पिंपांत वेगवेगळीं भिजवावीं; लोखंडी भांडें घेऊं नये. मोरचुदाचें पाणी चुन्याच्या पाण्यांत ढवळीत ओतावें. मग घासलेला विळा बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस पुट चढल्यास आणखी चुना घालावा, नाहींतर पानें जळतील. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें.

आतां हिशेब. जन्म सरकारी दप्तरांत गेल्यामुळें तो मांडल्यावांचून मला राहवत नाहीं. मोरचुदांत चतुर्थांश तांबें असतें. हेक्टरीं १००० लिटर फवारल्यास अडीच किलो तांबें पडतें. चार फवारण्यांत दहा किलो. युरोपीय संघानें २०१८ सालीं सात वर्षांस मिळून हेक्टरीं २८ किलोंची मर्यादा घातली, म्हणजे वर्षास सरासरी चार! तांबें कुजत नाहीं, उडून जात नाहीं, पावसानें खालीं फारसें उतरतहि नाहीं. या खात्यांत जमा आहे. खर्च जवळजवळ नाहींच. यास्तव जुन्या मळ्याच्या मालकांनीं माती तपासतांना तांब्याचा आंकडा अवश्य मागावा.

आणखी एक गोष्ट मेंढरांची. मेंढीच्या यकृतांत तांबें सांचत जातें. कित्येक महिने धडधाकट दिसलेली मेंढी एकाएकीं लाल लघवी करते व थोड्याच दिवसांत मरते. शेळी इतकी नाजूक नसते. खतासाठीं मेंढ्या बसवावयाच्या असल्या तर त्या न फवारलेल्या रानांत बसवाव्या, आणि मेंढपाळास तसें आधींच सांगून ठेवावें.