वावडें असणाऱ्यांची शिदोरी

प्रवासाला निघावयाचें म्हणजे आधीं शिदोरी बांधावयाची, ही आपल्याकडील फार जुनी चाल. बैलगाडी गेली, आगगाडी आली, तरी ती मोडली नाहीं. विमान आल्यावर मात्र ती मोडल्यासारखी झाली. मुंबईहून दोन तासांत दिल्लीस पोंचणाऱ्या माणसास वाटेंत भूक ती काय लागणार, आणि उतरल्यावर हॉटेलांत मागाल तें मिळतेंच, असा आपला समज. बहुतेकांच्या बाबतींत तो खराही आहे. परंतु ज्या घरांतील एखाद्या मुलास शेंगदाण्याचें, दुधाचें किंवा अंड्याचें वावडें आहे, अथवा एखाद्या माणसास गहू चालत नाहीं, त्या घरास हॉटेलांतील चार दिवस म्हणजे चार दिवसांची काळजी असते. आजचें भाषण अशा श्रोत्यांसाठीं आहे. त्यांतील मुख्य म्हणणें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. अशा माणसाच्या आहाराचा मुख्य भाग आपल्या डब्यांतून न्यावा, ताजें हवें असेल तें तेथें सालीसकट विकत घ्यावें, आणि ह्यासाठीं महागड्या दुकानाची पायरी चढण्याचें कांहीं कारण नाहीं.

प्रथम वावडें म्हणजे काय तें पाहूं. नावड आणि वावडें ह्यांत पुष्कळ अंतर आहे. कारल्याची नावड असणाऱ्या मुलास आग्रह करून कारलें खाऊं घातलें तर तें तोंड वांकडें करील, ह्यापलीकडे कांहीं होणार नाहीं. वावडें ही शरीराची चूक आहे. रोगजंतूंशीं लढण्यासाठीं असलेली शरीरांतील यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी अन्नघटकासच शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के ह्यांनीं १९०६ सालीं ह्या प्रकारास ‘अ‍ॅलर्जी’ हें नांव दिलें. अंगावर गांधी उठणें, ओठ व जीभ सुजणें, वांति होणें, घसा आवळणें, श्वास कोंडणें आणि रक्तदाब एकाएकीं उतरणें हीं त्याचीं लक्षणें. तीं कधीं कधीं कांहीं मिनिटांतच दिसूं लागतात, आणि प्राणावरही बेततात.

गहू न चालण्याचा सीलिअ‍ॅक नांवाचा विकार थोडा निराळा आहे. त्यांत गहू, जव आणि राय ह्यांतील ग्लुटेन नांवाच्या द्रव्यानें आंतड्याचें अस्तर हळूहळू झिजतें. हॉलंडमधील डॉक्टर विलेम डिके ह्यांना गव्हाचा संशय आधींपासूनच होता. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत तेथें दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, त्या काळांतील अनुभवानें त्यांचा संशय बळावला, आणि १९५० सालीं त्यांनीं आपला प्रबंध सादर केला. ह्या विकारांत घसा आवळत नाहीं, परंतु अत्यल्प गहूही अपाय करतो. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणावयाच्या पदार्थांत एका किलोस २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असतां कामा नये, असा दंडक आहे. भाकरीच्या परातींत राहिलेली कणकेची धूळ किती महत्त्वाची आहे, तें ह्यावरून ध्यानांत येईल.

हॉटेलांतील आचारी अप्रामाणिक असतो असें मुळींच नाहीं. अडचण त्याच्या नियतींत नसून त्याच्या स्वयंपाकघराच्या रचनेंत आहे. ज्या तेलांत मैद्याची कचोरी तळली त्याच तेलांत बटाटा तळला जातो. ज्या तव्यावर पराठा भाजला त्याच तव्यावर धिरडें पडतें. मांडून ठेवलेल्या नाश्त्याच्या मेजावर एका पातेल्यांतील डाव पाहुणेच दुसऱ्या पातेल्यांत बुडवितात. दाट रश्शांत बहुधा काजू वाटलेला असतो, आणि काटकसर म्हणून कोठें कोठें त्याच्या जागीं शेंगदाणाही येतो. वाढणाऱ्यास ह्याची वार्ता नसते. ‘त्यांत दाणे नाहींत ना?’ ह्या प्रश्नास तो ‘नाहींत’ असें उत्तर देतो, तें दिसत नाहींत म्हणून.

परंतु दुसऱ्याच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपल्या फडताळाकडे पाहिलें पाहिजे. बाजारांत मिळणाऱ्या बांधानी हिंगांत गव्हाचें पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, हें पुष्कळ गृहिणींस ठाऊक नसतें. मेतकुटांत गहू भाजून घालण्याची रीत आहे. पिठाच्या गिरणींत आपल्या ज्वारीपूर्वीं कोणाचे गहू दळले गेले असतील, तर त्यांतला वांटा आपल्या डब्यांत येतोच. भडभुंज्याच्या एकाच भट्टींत चणे, कुरमुरे आणि शेंगदाणे भाजले जातात. म्हणून शिदोरीचें खरें काम प्रवासाच्या आदल्या रात्रीं सुरू होत नसून आठ दिवस आधीं सुरू होतें. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून घरच्या यंत्रावर दळावी, किंवा वेष्टनावर स्पष्ट उल्लेख असलेलें पीठ घ्यावें. हिंग वगळावा. लाह्या, डाळें आणि कुरमुरे जेथें दाणे भाजले जात नाहींत अशाच ठिकाणचे घ्यावेत.

आतां प्रत्यक्ष डबा. समजा, शेंगदाण्याचें वावडें असलेला दहा वर्षांचा मुलगा आईबापांबरोबर चार दिवस दिल्लीस जाणार आहे. त्याच्यासाठीं पुढील जिन्नस पुरेसे होतात: भाजून फोडणी दिलेले कोरडे पोहे ३०० ग्रॅम, कडक भाकरी आठ, डाळ्याचें पीठ २५० ग्रॅम, घरीं वळलेले राजगिऱ्याचे लाडू दहा, दाण्यांऐवजीं डाळें घातलेला कुरमुऱ्यांचा चिवडा २५० ग्रॅम, जवसाची चटणी १०० ग्रॅम आणि तितकाच गूळ. हें सारें दीड किलोच्या आसपास भरतें. ह्यांत दोन वेळचा फराळ आणि अडीअडचणीस एक जेवण निघतें. हिंग आणि पीठ ह्यांची वर सांगितलेली दक्षता घेतली, तर गहू न चालणाऱ्यासही हाच डबा उपयोगी पडतो.

कडक भाकरीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. सोलापुराकडील ही पातळ, कुरकुरीत भाकरी ओल न लागल्यास कित्येक दिवस टिकते, आणि प्रवासास तिच्यासारखें अन्न नाहीं. परंतु तिची जोडीदारीण म्हणजे शेंगाचटणी, आणि दोन्ही एकाच दुकानांत, बहुधा एकाच फळीवर असतात. कांहीं ठिकाणीं भाकरीस तीळही लावतात. म्हणून ती घरींच करणें उत्तम. तसेंच जो पदार्थ घरीं पूर्वीं खाऊन सोसलेला नाहीं, तो प्रवासांत प्रथमच देऊं नये. शेंगदाणा आणि चणा एकाच कुळांतले आहेत. शेंगदाणा न सोसणाऱ्या बहुतेकांस चणा सोसतो, परंतु सर्वांसच सोसतो असें नाहीं.

खर्चाची गोष्टही ओघानेंच आली. गव्हाशिवाय केलेलीं बिस्किटें आणि पाव हल्लीं शहरांतून मिळतात, परंतु त्यांची किंमत साध्या जिनसांच्या कितीतरी पट असते. तांदूळ, ज्वारी, नाचणी आणि राजगिरा ह्यांत ग्लुटेन जात्याच नाहीं. तें काढून टाकण्याची मजुरी आपण कोणास कां द्यावी? दुसरी काटकसर खोलीच्या भाड्यांत आहे. ज्या माणसास मेजावरील नाश्ता खातांच येत नाहीं त्याच्यासाठीं नाश्त्यासह भाडें भरण्यांत अर्थ नाहीं. नुसत्या खोलीचा दर विचारावा. उतरल्यावर जवळच्या मंडईंतून केळीं, संत्रीं, काकड्या आणि लिंबें आणावीं. जो अंडें खातो त्यास कवचासकट उकडलेलें अंडें मागवून द्यावें. जें निसर्गानेंच बंद करून दिलें आहे, त्यांत दुसऱ्याचा डाव बुडालेला नसतो.

हॉटेलच्या खोलींत चूल नसते, आणि शिजविण्यास बहुतेक ठिकाणीं मनाई असते. पाणी उकळण्याची विजेची किटली मात्र पुष्कळ ठिकाणीं मिळते. ती आहे कीं नाहीं तें खोली ठरवितांनाच विचारून घ्यावें. आधींच्या पाहुण्यानें तींत शेवया किंवा दूध उकळलें असण्याचा संभव असतो. म्हणून ती आंतून नीट धुवावी, एकदां पाणी उकळून फेंकून द्यावें, आणि पुढें तींत निव्वळ पाणीच तापवावें. पोह्यांवर कढत पाणी घालून दहा मिनिटें झांकण ठेवलें कीं न्याहारी तयार होते. डाळ्याचें पीठ, गूळ आणि पाणी ह्यांचें पेय तर क्षणांत होतें. आपले चमचे, वाट्या, सुरी आणि भांडीं घासण्याची घासणी बरोबर न्यावी. खोलींतील लहान शीतपेटीवर फार विसंबूं नये. ती पुरेशी थंड नसते, आणि पुष्कळ ठिकाणीं दाराची किल्ली काढून बाहेर पडतांच वीज बंद होऊन तीही बंद पडते. शिजविलेला भात तर शिदोरींत मुळींच नको. साध्या हवेंत तो दोन तासांपेक्षां अधिक ठेवूं नये. कारण त्यांतील जंतूंचीं बीजें शिजवूनही मरत नाहींत आणि उबेंत वाढतात.

विमानाचे म्हणून कांहीं नियम आहेत. देशांतील प्रवासांत साधारणतः १५ किलो सामान कोठारांत आणि ७ किलो हातांत नेऊं देतात. तिकिटावरील आंकडा पाहून घ्यावा. सर्व शिदोरी एकाच पेटींत भरूं नये. पहिल्या दिवसाचें अन्न हातांतील पिशवींत असावें, म्हणजे पेटी चुकली तरी उपास घडणार नाहीं. परदेशीं जाणाऱ्या विमानांत १०० मिलिलिटरपेक्षां मोठ्या भांड्यांतील द्रव हातांतून नेऊं देत नाहींत. हा निर्बंध २००६ च्या ऑगस्टमध्यें लंडन येथें विमानें उडवून देण्याचा कट उघडकीस आल्यावर सुरू झाला. दही, लोणचें, ओली चटणी आणि दाट लगदा ह्यांची गणनाही द्रवांतच होते. नव्या यंत्रांमुळें कांहीं विमानतळांवर सवलत मिळूं लागली आहे, तथापि वाटेंत विमान बदलावयाचें असेल तर तेथील नियमही लागतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बरोबर घेऊं नयेत. त्यांतील तेलामुळें त्या आपोआप तापणाऱ्या पदार्थांत मोडतात. आसनावर बसतांच पुढील फळी आणि हात टेंकण्याची जागा ओल्या फडक्यानें पुसावी. जेवणापूर्वीं मुलाचे हात साबण व पाणी घेऊनच धुवावे, कारण मद्यार्काच्या द्रवानें जंतु मरतात, पण शेंगदाण्याचा अंश हातावर तसाच राहतो.

परदेशच्या सीमेवर आणखी एक चाळणी असते. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून आलेल्या प्रवाशास मांस आणि दुधाचे पदार्थ नेतां येत नाहींत. ऑस्ट्रेलियांत बरोबरचें बहुतेक सर्व अन्न उतरतांना लिहून द्यावें लागतें. दुबईस किंवा सिंगापुरास जाणाऱ्यानें मसाल्यांतून खसखस वगळलीच पाहिजे, कारण तेथें ती निषिद्ध आहे. वेष्टनावरील मजकूर देशपरत्वें बदलतो, तोही जाणून घ्यावा. युरोपांत १४ आणि अमेरिकेंत ९ वावडीं ठळकपणें सांगावीं लागतात. अमेरिकेच्या यादींत तिळाची भर २०२३ च्या आरंभीं पडली. भारतांतील २०२० च्या नियमांत आठ गट आहेत, परंतु त्यांत तीळ व मोहरी नाहींत. म्हणून ज्यास तिळाचें वावडें आहे त्यानें खालची सूचना न पाहतां घटकांची संपूर्ण यादीच वाचावी. युरोपांतील पावांत ल्युपिन नांवाच्या कडधान्याचें पीठ घालतात. शेंगदाणा न सोसणाऱ्या कांहींना तेंही बाधतें.

इतकी दक्षता घेऊनही घांस चुकूं शकतो, आणि त्या प्रसंगासाठीं औषध हवें. डॉक्टरांनीं अ‍ॅड्रिनलिनची सुई लिहून दिली असेल, तर तिच्या दोन मात्रा आणि डॉक्टरांची सहीची चिठ्ठी हातांतील पिशवींतच असावी, कोठारांतील पेटींत कदापि नव्हे. श्वास लागला किंवा घेरी आली कीं वाट न पाहतां ती मांडीच्या बाहेरील बाजूस टोंचावी, रोग्यास निजवून पाय उंच ठेवावे, आणि श्वास कोंडत असेल तर त्यास बसूं द्यावें. पित्ताच्या गोळीनें अंगाची खाज शमेल, पण ती अ‍ॅड्रिनलिनची जागा घेऊं शकत नाहीं. भारतांत ११२ ह्या क्रमांकावर मदत मागावी. बरें वाटलें तरी रुग्णालयांत गेलेंच पाहिजे, कारण कांहीं तासांनीं लक्षणें पुन्हां उलटतात. हॉटेलांत शिरतांच जवळचें रुग्णालय कोठें आहे तें विचारून ठेवावें, आणि काय चालत नाहीं तें तेथील भाषेंत लिहिलेली एक चिठ्ठी आचाऱ्याच्या हातीं द्यावी. तोंडी सांगितलेलें चार माणसांतून जातांना बदलतें.

शेवटीं एक सूचना घरांतील वडील माणसांस. जें मूल वावडें घेऊन वाढतें, त्यास निराळ्या डब्याचें ओझें डब्याच्या वजनापेक्षां अधिक वाटतें. सर्वजण मेजावरील पक्वान्नें खात आहेत आणि आपण कोपऱ्यांत लाडू खातों आहों, ही जाणीव लपविण्यासाठींच पुष्कळ मुलें कोणी पुढें केलेला घांस मुकाट्यानें तोंडांत घालतात, आणि धोका तेथेंच असतो. म्हणून प्रवासांत दिवसाची निदान एक न्याहारी साऱ्या कुटुंबानें त्याच डब्यांतून करावी. त्यासाठीं आणखी किलोभर पोहे आणि चार भाकऱ्या लागतील. तें वजन पेटींत सहज मावतें.