पऱ्हाटीचा कोळसा, धुराचे पाणी आणि वऱ्हाडची माती

कापसाची शेवटची वेचणी उरकली की अकोला-अमरावतीकडच्या वावरांत पऱ्हाटी उपटायला सुरुवात होते. काही चुलीला जाते, काही कुंपणाला, आणि उरलेली धुऱ्यावर रचून पेटवून दिली जाते. या ढिगात पैसा दडला आहे असे सांगणारे आता पुष्कळ झाले आहेत. पऱ्हाटीचा बायोचार करा, तिच्या धुरापासून वुड व्हिनेगर काढा, खताचा आणि औषधाचा खर्च वाचेल, खारपाणपट्टासुद्धा सुधारेल, असा त्यांचा सांगावा. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, यात वाद नाही. पण वऱ्हाडात त्या ज्या कारणाने कामी येतात ते कारण जाहिरातीत नसते, आणि कारण चुकले की मात्राही चुकते.

पहिला घोटाळा राख आणि बायोचार एकच समजण्याचा. उघड्यावर पेटलेल्या ढिगातला जवळजवळ सगळा कर्ब वायू होऊन उडतो. मागे उरते ती राख, म्हणजे पालाश, चुना आणि इतर क्षार. तीच पऱ्हाटी हवा तोडून साधारण 350 ते 700 अंश सेल्सिअसला तापवली, तर कर्बाचा सच्छिद्र सांगाडा शिल्लक राहतो. सूक्ष्मजीवांना तो सहजी पचत नाही, म्हणून मातीत शेकडो वर्षे टिकू शकतो. शंकूच्या आकाराच्या साध्या खड्ड्यातही हे साधते. वर ज्वाळ कायम राहील अशा बेताने थरावर थर टाकायचे. ज्वाळच खालच्या निखाऱ्याला हवा मिळू देत नाही. शेवटी पाणी ओतून विझवायचे. मात्र इथे धूर ज्वाळेतच जळून जातो. त्यामुळे त्याच खड्ड्यातून वुड व्हिनेगरही निघेल असे कुणी म्हणाले, तर त्याने खड्डा पेटवून पाहिलेला नाही हे ओळखावे. व्हिनेगरसाठी बंद भट्टी आणि धूर थंड करणारी लांब नळी लागते.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडणारा आहे: बायोचार कुठल्याही जमिनीत उत्पन्न वाढवतो, हा. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली काळी, कोळसामिश्रित माती हे असे सांगणाऱ्यांचे आवडते उदाहरण. पण तिथली मूळ जमीन आम्ल, पावसाने धुऊन निघालेली आणि निकृष्ट. जगभरच्या प्रयोगांचा 2017 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा उष्ण कटिबंधात सरासरी 25 टक्के वाढ दिसली आणि समशीतोष्ण प्रदेशात जवळजवळ काहीच नाही. या वाढीमागे मुख्यतः दोन गोष्टी होत्या: आम्लता कमी होणे आणि कोळशातून थोडी अन्नद्रव्ये मिळणे. आता वऱ्हाड उष्ण कटिबंधात आहे म्हणून 25 टक्क्यांवर हक्क सांगता येत नाही. इथल्या काळ्या भारी जमिनीचा सामू बहुधा 7.5 च्या वर असतो, तिच्यात चुनखडी असते, आणि चिकणमाती पाणी मुळातच भरपूर धरते. जो रोग नाही त्याच्यावरचे हे औषध आहे, शिवाय बायोचार स्वतः बहुधा अल्कधर्मी असतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या बरड, मुरमाड जमिनीचा हिशेब वेगळा. तिथे पाणी झरझर निघून जाते, म्हणून सच्छिद्र कोळशाचा उपयोग अधिक.

मात्रेचे गणितही कुणी मांडत नाही. प्रयोगांत हेक्टरी 5 ते 20 टन बायोचार टाकलेला असतो. एका हेक्टरमधून पऱ्हाटी निघते साधारण दोन ते तीन टन, आणि तिचा चौथा हिस्सा बायोचार होतो असे धरले तर हाती येतात 500 ते 750 किलो. म्हणजे दहा टनांसाठी त्याच शेताची तेरा ते वीस वर्षांची पऱ्हाटी! विकत घेऊन टाकण्याचा व्यवहार कापसाच्या भावात बसणारा नाही. म्हणून वावरभर फेकण्याऐवजी थोडा बायोचार शेणखतात मुरवून ओळीत, मुळाजवळ देणे हाच शहाणपणा. मुरवण्याला कारण आहे. ताजा कोरडा कोळसा नत्र धरून ठेवतो आणि पीक सुरुवातीला पिवळे पडू शकते. शेणखत, गोमूत्र किंवा कंपोस्टमध्ये काही आठवडे ठेवला की हा धोका कमी होतो. त्याला खत म्हणू नये. तो खताला धरून ठेवणारा आहे, खताची जागा घेणारा नव्हे.

वुड व्हिनेगर आंबट असते, सामू दोन ते साडेतीन. म्हणून ते चोपण जमीन सुधारेल, हा तर्क ऐकायला सरळ वाटतो. अमरावती, अकोला, बुलढाण्यातला पूर्णेचा खारपाणपट्टा सुमारे 4.7 लाख हेक्टरचा, तेव्हा या तर्काला गिऱ्हाईक मिळणारच. पण हिशेब करा. एका एकराच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचे वजन साधारण आठ लाख किलो. तिच्यात पाच टक्के चुनखडी धरली तर 40,000 किलो झाली, आणि ती मारायला सुमारे 48,000 किलो ॲसिटिक आम्ल लागेल. वुड व्हिनेगरचा 80 ते 90 टक्के भाग पाणीच. लिटरमागे आम्ल थोडेच, तेही मातीतले जिवाणू थोड्या दिवसांत खाऊन टाकतात. शिवाय खारपाणपट्ट्याचे दुखणे चुनखडीपेक्षा सोडियमचे आणि निचऱ्याचे आहे. सोडियम हटवायला जिप्सममधले कॅल्शियम लागते, पाणी निघून जायला चर लागतात, आणि खाऱ्या विहिरीऐवजी शेततळ्याचे गोडे पाणी लागते.

मग व्हिनेगर निरुपयोगी? नाही. बियाणे रुजायला मदत करणारे एक संयुग वनस्पतींच्या धुरात असते, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवले. व्हिनेगर दोनशे ते पाचशे पट पाण्यात मिसळून केलेल्या फवारणीचे चांगले परिणामही काही पिकांत नोंदले गेले आहेत. पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक हे समीकरण खोटे आहे. या व्हिनेगरात फिनॉल, मिथेनॉल, फॉर्मल्डिहाइड असतात. विरळ न करता फवारले तर पाने करपतात. ताजा अर्क काही महिने स्थिर ठेवून खाली बसलेला डांबराचा थर आणि वरचे तेल टाकून द्यावे लागते. ज्या जपानमध्ये हा अर्क पिढ्यान् पिढ्या वापरात आहे, त्याच जपानने 2003 मध्ये खाण्याचे व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांना कीटकनाशक नोंदणीतून मोकळीक दिली. वुड व्हिनेगरचा निर्णय मात्र राखून ठेवला. आपल्याकडेही कीडनाशक म्हणून विकायचे तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. बाटलीवर नोंदणी क्रमांक नसेल आणि बोंडअळी मरेल असा दावा असेल, तर तो दावा कायद्यात बसत नाही. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. त्यानंतर सौम्य औषधाची ओढ साहजिक आहे. पण हातमोजे, तोंडाला कपडा आणि वाऱ्याची दिशा यातून सुटका नाही.

यावर रास्त आक्षेप असा की मग पऱ्हाटीचा कोळसा करायचाच कशाला, रोटाव्हेटर किंवा श्रेडरने बारीक करून मातीत का घालू नये? जिथे यंत्र आणि ओल आहे तिथे तेच करावे. चुलीला लागणारी पऱ्हाटीही खड्ड्यात घालू नये. पण पीक लांबवून फरदड घेणाऱ्या किंवा उपटलेली पऱ्हाटी पावसाळ्यापर्यंत धुऱ्यावर ठेवणाऱ्या शेतात तिच्यावरच्या न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी टिकून राहते. ती पऱ्हाटी लवकर हलवायचीच आहे आणि नाहीतर जळणारच आहे, तर राखेपेक्षा कोळसा केव्हाही बरा. वऱ्हाडात बायोचारची बाजू मला एवढीच, पण एवढी भक्कम वाटते. पटत नसेल तर माती परीक्षणाची पत्रिका काढून सामू पाहा, येत्या हंगामात चार ओळींना कोळसा मुरवलेले शेणखत द्या, शेजारच्या चार ओळींना नुसते शेणखत द्या, आणि दोन्हींचा कापूस वेगळा मोजा.