दोन रेषांचा उलटा अर्थ
अमली पदार्थांची चाचणी आणि सोन्याचे सूक्ष्मकण

कोविडच्या काळात आपण सर्वांनी एक गोष्ट पाठ केली : पट्टीवर दोन रेषा उमटल्या तर संसर्ग आहे, एकच उमटली तर नाही. लघवीतील अमली पदार्थ ओळखणारी पट्टीही दिसायला अगदी तशीच असते. नातवाच्या बदललेल्या वागण्याने धास्तावलेली वडीलधारी मंडळी ती कधी घरी आणतात. एकाएकी भ्रम झालेल्या वृद्धाला रुग्णालयात नेले तर तेथेही अशी तपासणी होऊ शकते. मात्र या पट्टीवरील रेषांचा अर्थ नेमका उलटा असतो. तेथे दोन रेषा म्हणजे पदार्थ आढळला नाही, आणि चाचणीच्या जागेची रेषा उमटलीच नाही तर तो असण्याची शक्यता. हा भेद ठाऊक नसल्यास निष्पापावर आळ येतो, किंवा खरा धोका नजरेआड होतो.

तांबडे सोने

या पट्टीवरील तांबडी रेषा शाईची नसते, ती बहुधा सोन्याची असते. सोन्याचे कण अतिसूक्ष्म झाले की प्रकाशाशी त्यांचे नाते बदलते व ते पिवळे न दिसता माणकासारखे लाल दिसतात. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या अशा लाल द्रावणांचा अभ्यास मांडला होता. चाचणीच्या पट्टीतील कण साधारण ४० नॅनोमीटरचे असतात. केसाच्या जाडीत असे सुमारे दोन हजार कण ओळीने मावतील.

प्रत्येक कणावर विशिष्ट पदार्थ ओळखणारी प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. लघवीचे थेंब पट्टीवरून पुढे सरकताना हे कण सोबत वाहत जातात. चाचणीच्या रेषेवर त्याच अमली पदार्थाचा अंश आधीच बसवलेला असतो. लघवीत पदार्थ नसेल तर मोकळी प्रतिपिंडे त्या रेषेला जाऊन चिकटतात आणि सोन्याचा लाल रंग तेथे साठतो. लघवीत पदार्थ असेल तर प्रतिपिंडे वाटेतच गुंतून पडतात व रेषा कोरी राहते. दुसरी, नियंत्रणाची रेषा मात्र उमटलीच पाहिजे. ती नसेल तर चाचणी बाद समजावी. चाचणीची रेषा फिकट उमटली तरी ती उमटली असेच धरतात.

पट्टीला काय कळत नाही

पट्टी रेणूचा आकार ओळखते, माणसाचा हेतू नव्हे. खोकल्याच्या औषधातील कोडीनचे शरीरात मॉर्फीन होते. खसखशीच्या दाण्यांवरही मॉर्फीनचा अत्यल्प अंश असतो. या खसखशीमुळेच अमेरिकेत नोकरदारांच्या तपासणीतील मर्यादा १९९८ मध्ये दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० नॅनोग्रॅम करावी लागली. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनमुळे ॲम्फेटॅमिनची चाचणी फसू शकते. झोपेसाठी डॉक्टरांनीच दिलेली अल्प्राझोलॅमची गोळीही पट्टीवर दिसते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. मॉर्फीनसाठी बनविलेली पट्टी ट्रामाडॉल किंवा फेंटानिल सहसा ओळखत नाही. काही पट्ट्यांना क्लोनाझेपामही नीट कळत नाही. काळाचाही प्रश्न असतो : कोकेनचे अवशेष लघवीत दोन-चार दिवस टिकतात, तर नित्य गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे. त्यामुळे पट्टी आज काय घडले हे सांगत नाही, आणि व्यसन आहे की नाही हे तर मुळीच नाही. निर्णय घ्यायचा असेल तर प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमेट्रीने खात्री करून घेणे आवश्यक असते.

संशोधन याच्याही पुढे चालले आहे. इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये प्रतिपिंडे जोडलेल्या सोन्याच्या कणांनी बोटाच्या ठशातील घामातून धूम्रपानाची खूण ओळखून दाखविली. त्याआधी २००६ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात यी लू यांच्या गटाने डीएनएच्या धाग्यांनी बांधलेले सोन्याचे कण वापरले. कोकेन येताच धागे सुटतात, कण विखुरतात आणि जांभळा रंग लाल होतो. साधने अधिक संवेदनशील होतील. त्यांचा अर्थ लावण्याची जबाबदारी मात्र माणसाचीच राहील.

कुटुंबाने काय करावे

घरातील ज्येष्ठांच्या सर्व औषधांची यादी, खोकल्याची व झोपेची औषधे आणि वेदनाशामक पट्ट्या यांसह, लिहून ठेवावी व तपासणीपूर्वीच डॉक्टरांना दाखवावी. भ्रमाच्या रुग्णाची अशी तपासणी झाली तर त्यात अपमान मानू नये. कारण शोधण्याचा तो एक भाग असतो. तपासणीच्या भीतीने मॉर्फीन किंवा झोपेची गोळी परस्पर बंद करू नये. अशी औषधे अचानक थांबवल्यास त्रास होतो, झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत झटकेही येऊ शकतात.

नातवंडाविषयी शंका असेल तर चोरून लघवी तपासण्याचा मोह टाळावा. निकाल काहीही आला तरी विश्वासाला तडा जातो, आणि उपचाराची पहिली पायरी विश्वास हीच असते. आधी शेजारी बसावे, झोप, भूक, मित्र, पैसे यांविषयी शांतपणे विचारावे, उत्तर ऐकून घ्यावे. मग त्याच्या संमतीने डॉक्टरांकडे जावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक उपलब्ध आहेत. पुण्यात अवचट दांपत्याच्या प्रयत्नांतून १९८६ मध्ये उभे राहिलेले मुक्तांगण आजही रुग्णासोबत कुटुंबालाही उपचारात सामील करून घेते.

पट्टीवरची रेषा काही मिनिटांत उमटते. घरातल्या माणसाला समजून घ्यायला त्याहून अधिक वेळ लागतो. तो आजी-आजोबांइतका दुसऱ्या कोणापाशी क्वचितच असतो.