स्थळ आणि संकेतस्थळ

मराठी घरांत ‘स्थळ’ या शब्दाला जो अर्थ आहे, तो परभाषिकाला समजावून सांगणे कठीण. स्थळ म्हणजे केवळ एक मुलगा किंवा मुलगी नव्हे. घर, नोकरी, नातेवाईक, गाव आणि लौकिक हे सारे त्या एका शब्दात सामावलेले असते. असे स्थळ पूर्वी आत्या-मावश्या सुचवीत; पुढे ते वधू-वर सूचक मंडळांच्या वह्यांतून आणि वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींतून शोधले जाऊ लागले. गेल्या पाव शतकात हे कार्य फार मोठ्या प्रमाणावर संकेतस्थळांकडे गेले आहे. अमेरिकेत मॅच डॉट कॉम १९९५ साली सुरू झाले आणि त्यानंतर काही वर्षांतच शादी डॉट कॉम, भारतमॅट्रिमोनी, जीवनसाथी ही नावे आपल्याकडेही परिचयाची झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१७ साली जुळलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के जोडप्यांची पहिली ओळख इंटरनेटवर झाली होती. तेव्हा हा मार्ग चांगला की वाईट, हा वाद आता मागे पडला आहे. तो शहाणपणाने कसा वापरावा, हाच खरा प्रश्न आहे.

या बदलात एक गोष्ट हरवली, तिची नोंद प्रथम घ्यावयास हवी. जुना मध्यस्थ चुकत असे, कधी खोटेही बोलत असे. परंतु त्याला त्याच गावात, त्याच आप्तांत वावरावयाचे असे. बदनामीचे भय हाच त्याच्यावरील अंकुश होता. संकेतस्थळाला असे भय नाही. त्याचे उत्पन्न मुख्यतः सभासदत्वाच्या वर्गणीवर चालते आणि ती वर्गणी विवाह जुळण्यावर नव्हे, तर मुदतीवर आकारलेली असते. याचा अर्थ संकेतस्थळे लबाड असतात असा नव्हे. पण चौकशीची जी जबाबदारी पूर्वी मध्यस्थ उचलीत असे, ती आता उमेदवाराच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या शिरावर आली आहे, हे ओळखले पाहिजे.

मग संकेतस्थळ निवडावे कसे? जाहिरातीत सांगितलेली लाखोंची संख्या हा निकष नव्हे. आपल्या वयाची, आपल्या भाषेची, आपण राहू शकू अशा शहरातील आणि सध्या खरोखर शोधात असलेली माणसे तेथे किती आहेत, हे पाहावे. वर्गणी भरण्यापूर्वी विनामूल्य नोंदणी करून ही पाहणी करता येते. दुसरा निकष पडताळणीचा. केंद्र शासनाने जून २०१६ मध्ये विवाहविषयक संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सभासदांची ओळख पडताळावी, संकेतस्थळ विवाहासाठीच असल्याचे स्पष्ट सांगावे आणि तक्रार ऐकण्यासाठी अधिकारी नेमावा, अशा अपेक्षा त्यांत आहेत. तक्रार कोठे करावयाची हेच जेथे सापडत नाही, ते संकेतस्थळ टाळावे. तिसरा निकष खासगीपणाचा. छायाचित्र आणि दूरध्वनी क्रमांक कोणाला दिसावा, हे ठरविण्याचा अधिकार सभासदाच्या हाती हवा. मुलींच्या बाबतीत तर हवाच हवा.

‘शास्त्रीय पद्धतीने जोडी जुळवून देतो’ या आश्वासनावर मात्र फार विसंबू नये. पाच अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये या दाव्यांची परीक्षा केली. असे गणित अन्य मार्गांपेक्षा अधिक यशस्वी विवाह घडविते, याला भक्कम पुरावा त्यांना आढळला नाही. दोन माणसांचे परस्परांशी कसे जमेल, हे त्यांची भेट होण्यापूर्वी मागविलेल्या माहितीवरून कळणे दुरापास्त आहे.

चांगले फळ मिळणे न मिळणे हे बरेचसे उमेदवाराच्या हाती असते. अटींचेच पाहावे. दहा हजार स्थळांतून प्रत्येक अट निम्मी स्थळे गाळते असे धरले, तर पाच अटींनंतर सुमारे तीनशे उरतात आणि दहा अटींनंतर जेमतेम दहा. उंची, वर्ण, पगाराचा आकडा, पोटजात, पत्रिका अशी यादी वाढवीत जाणारे कुटुंब पुढे ‘मनासारखे स्थळच मिळत नाही’ म्हणून खंत करते, तेव्हा दोष संकेतस्थळाचा नसतो. जातीच्या चौकटीवर खूण करणे तेथे फार सोपे झाले आहे. ती चौकट रिकामी ठेवण्याची सोयही तितकीच सोपी आहे, याचा मात्र विसर पडतो.

माहिती खरी लिहावी, छायाचित्र अलीकडचे द्यावे. आधीचा विवाह, आजार, कर्ज या गोष्टी लपवून मिळविलेला होकार फार दिवस टिकत नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष: पुष्कळदा नोंदणी करतात आई-वडील, आणि ज्याचा किंवा जिचा विवाह व्हावयाचा त्याला वा तिला आपल्याविषयी काय लिहिले आहे, याचा पत्ताही नसतो. निवडीचा अधिकार ज्याचा, लेखणीही त्याच्याच हाती असावी.

संदेशांची देवाणघेवाण महिनोन् महिने लांबवू नये. प्रत्यक्ष भेट लवकर घ्यावी, चार माणसांच्या वर्दळीत घ्यावी आणि घरी सांगून घ्यावी. नोकरी, शिक्षण, राहते घर यांची चौकशी स्वतंत्रपणे करावी. परदेशातील स्थळ असेल तर अधिकच. भेट न घेता जो पैसे मागतो, मग कारण आजाराचे असो, जकातीत अडकलेल्या भेटवस्तूचे असो वा गुंतवणुकीचे असो, त्याच्याशी संबंध तत्काळ तोडावा आणि १९३० या शासकीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. फसवणूक झाल्याची लाज फसविणाऱ्याने बाळगावयाची आहे. ती पीडिताने बाळगली की गुन्हेगाराला पुढचे सावज मोकळे मिळते. हुंड्याची मागणी करणारे स्थळही त्याच क्षणी नाकारावे. १९६१ चा कायदा त्या मागणीला गुन्हाच मानतो.

नाव सुचविणे एवढेच संकेतस्थळाचे काम. माणूस पारखण्याचे काम पूर्वी अवघा गोतावळा मिळून करीत असे. ते आता दोन तरुण जिवांना मोकळ्या मनाने, थोड्या सावधपणे आणि स्वतःच्या जबाबदारीवर करावयाचे आहे. वडीलधाऱ्यांनी त्यात सल्लागार व्हावे. निर्णय मात्र त्यांच्यावरच सोपवावा.