पोर्ट ऑफ स्पेनहून बोटीने टोबॅगोला

त्रिनिदादला गेलात तर थेट विमानाने टोबॅगो गाठू नका. विमान वीस-पंचवीस मिनिटांत पोचवतं हे खरं, पण बोटीची मजा त्यात नाही!

आधी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये एखादा दिवस काढा. सकाळी रस्त्यावर उभं राहून ‘डबल्स’ खा: तळलेले दोन मऊ ‘बारा’ आणि त्यांत छोल्यांची रस्सेदार भाजी. १८४५ पासून इथे आणलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांच्या वंशजांची ही देणगी. तिखट बेताने मागा. मग क्वीन्स पार्क ओव्हल. १९७१ मध्ये सुनील गावसकर पहिली कसोटी इथेच खेळले आणि त्याच मालिकेतल्या शेवटच्या कसोटीत त्यांनी इथेच १२४ आणि २२० केल्या. मराठी माणसाने हे मैदान न बघता परत यायचं म्हणजे कमालच!

बोटीचा धक्का शहराच्या मध्यभागाला लागूनच आहे. पासपोर्ट हाताशी ठेवा, वेळेच्या बऱ्याच आधी पोचा. बोट वेगवान, पोटात गाड्याही घेते. प्रवास साधारण चार तासांचा. पारियाचं आखात शांत असतं. बोकास सामुद्रधुनी ओलांडून बोट पूर्वेकडे वळली की समोरून व्यापारी वारे येतात आणि हेलकावे सुरू होतात. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधीच घ्या. परतीला वारा पाठीशी, त्यामुळे त्रास बराच कमी.

स्कारबरोला उतरलात की आधी फोर्ट किंग जॉर्जची चढण चढा. खायला मात्र स्टोअर बे: करी क्रॅब आणि डंपलिंग, हातानेच!